डाव्या बाजूचं अस्तर

वहिनींनी त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या बाईचे दोन्ही हात वहिनींच्या नवऱ्याच्या कमरेवर होते.

रविवारची सकाळ होती. नवरा चष्मा घरी विसरला होता, म्हणून तो द्यायला वहिनी पहिल्यांदाच धक्क्यावर गेल्या. धक्क्यामागे बोटींची पत्र्याची शेड होती. आत दोन लाकडी घोड्यांवर एक लांबलचक, निमुळती बोट ठेवलेली होती, आणि तिच्यात पाय पसरून, हातात वल्हं धरून, फोटोसाठी बसवल्यासारखा चेहरा करून नवरा बसला होता. खाली पाण्याचा थेंब नाही. मागे गुडघ्यांवर बसलेली एक पन्नाशीची बाई दातांत पेन्सिल धरून त्याच्या कमरेशी दोन्हीकडून बोटं खुपसत होती.

"डावीकडे दोन सूत, उजवीकडेही दोनच," ती पेन्सिलीच्या मागून पुटपुटली. मग तिने मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी यांची बायको."

"बरं झालं आलात. जरा वल्हं धरा. हे उगाच हवेत मारत बसलेत, मला माप घेऊ देत नाहीत."

वहिनींनी मुकाट्याने वल्हं धरलं. घरी जाताना रिकाम्या रस्त्यावर त्यांना एकटीलाच हसू फुटलं. शेडच्या दारात उभं असताना मनात काय काय आलं होतं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या बाईला धक्क्यावर सगळे अस्तरबाई म्हणत. तिचं काम ऐकायला साधं होतं. वल्ह्याच्या शर्यतीची ती बोट, जिला सर्फस्की म्हणतात, ती असते जेमतेम माणसाच्या कमरेइतकी रुंद. तिला वरून झाकण नसतं. मधोमध एक खळगा असतो आणि त्यात बसायचं. खळगा कारखान्यात बनतो, सगळ्यांसाठी एकाच मापाचा. कंबर मात्र ज्याची त्याची. कंबर खळग्यात सैल बसली की लाट आल्यावर माणूस आतल्या आत घसरतो, आणि माणूस घसरला की बोट कलंडते. म्हणून खळग्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या लावून माणूस आणि बोट एकजीव करायची. खालून फोम घालायचा नाही. खालून घातला की माणूस उंच बसतो आणि जास्तच डुलतो. हे अस्तरबाई प्रत्येकाला सांगे, आणि प्रत्येक जण एकदा तरी खालून घालून पाहीच.

ती माप सुतारांच्या सुतात घेई. आठ सूत म्हणजे एक इंच. पाणी न पिणारा दाट फोम धारदार सुरीने एका झटक्यात कापी. पट्टी आधी नुसत्या टेपने लावी. महिनाभर बोट चालवून माणूस 'ठीक आहे' म्हणाला, तरच सोल्युशन लावून पक्की करी. पट्टीच्या मागे तारीख आणि जाडी लिहिलेली असे. जुनी पट्टी निघाली की ती फेकायची नाही, भिंतीवर त्या माणसाच्या खिळ्याला अडकवायची. शेडच्या भिंतीवर असे चाळीसेक खिळे होते.

"हे काय जपून ठेवता?" वहिनींनी एकदा विचारलं होतं.

"सवय," अस्तरबाई म्हणाली. "आधी मी कृत्रिम पायांच्या कारखान्यात होते. एकवीस वर्षं. उरलेला पाय ज्यात बसतो, त्या वाटीला आतून अस्तर लावायचे. तिथे सगळं लिहून ठेवावं लागायचं. अंग बदलतं ना माणसाचं."

वहिनींचा नवरा घड्याळं दुरुस्त करी. बाजारातल्या जिन्याखालच्या त्याच्या दुकानात एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. धक्क्यावर त्यांना घड्याळजी म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. हळूहळू वहिनींनाही स्वतःचं दुसरं नाव असल्याची आठवण फक्त वाचनालयाच्या हजेरीपटावर होई. तिथे त्या परत आलेली पुस्तकं घेण्याच्या खिडकीवर होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी घड्याळजींना वल्ह्याचं वेड लागलं आणि साठाव्या वर्षी दीपगृहाच्या खडकाला वळसा घालून यायचं, असं त्यांनी ठरवलं. जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ. दरवर्षी वारा फिरण्याआधीच्या एका रविवारी धक्क्यावरची सात-आठ माणसं हा फेरा करत. मध्ये टेकायला कुठेही जागा नव्हती.

पहिलं वर्ष छान गेलं. घड्याळजींचं पोट उतरलं, दंड भरले. वहिनींनी त्यांच्या पॅन्ट्स कमरेत आत घेतल्या आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात त्याबद्दल कुरकुर केली.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घड्याळजी एकदा घरी आले ते नखशिखांत भिजून.

"बोट डुलायला लागलीय," ते म्हणाले. "डावीकडे ओढते. फोम दबला असणार."

अस्तरबाईने डावीकडची पट्टी बदलली. दोन सुतांच्या जागी तीन सूत. दीड महिना बरा गेला आणि बोट पुन्हा डावीकडे ओढू लागली. चार सूत. मग सहा. धक्क्यावरच्या मंडळींना आयताच विषय मिळाला.

"घड्याळजी, नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगण वाकडंच आहे," घड्याळजी शांतपणे म्हणत. "तुम्हाला दिसत नाही इतकंच."

चेष्टेत सगळे हसत. अस्तरबाई तेवढी हसत नसे, हे वहिनींच्या लक्षात आलं होतं. ती सहा सुतांची पट्टी हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघत राही. फोम दबलेला नव्हता. टणक होता, कापला त्या दिवशी होता तसाच.

फेऱ्याला अकरा दिवस उरले असताना, एका बुधवारी दुपारी, अस्तरबाई वाचनालयात आली. बाहेर ऊन तापलं होतं, आत पंख्याखाली कुणी नव्हतं. नखांत सोल्युशनचा काळा चिकटा, काखेत कापडी पिशवी. तिने पिशवीतून पट्ट्या काढल्या आणि परत आलेली पुस्तकं लावावीत तशा खिडकीच्या फळीवर ओळीने लावल्या.

"ही दोन सुतांची. मागच्या वर्षीची. ही तीन. ही चार. ही सहा, आणि परवा त्यांनी आठ मागितलीत. एक इंच झाला, वहिनी."

"बारीक झालेत ते," वहिनी म्हणाल्या. "मी चारदा पॅन्ट्स आत घेतल्या."

"दोन्हीकडून घेतल्या?"

"म्हणजे?"

"या सगळ्या डाव्या बाजूच्या आहेत. उजवीकडे अजून दोन सूतच आहे. माणूस बारीक झाला तर दोन्हीकडून होतो."

वहिनींनी फळीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांना पॅन्ट आठवली. दोन्ही बाजूंनी सारखी शिवण घालूनही डावीकडे मागे चोळामोळा राहत होता. कापताना आपलाच हात चुकला असेल, म्हणून त्यांनी ती दोनदा उसवून पुन्हा शिवली होती. मनात पाल चुकचुकली नव्हती असं नाही. पण ती शिलाईबद्दल.

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, तुमचा फोम हलका आहे." अस्तरबाईने पट्ट्या सारख्या केल्या. "वहिनी, कारखान्यात असताना एक आजोबा यायचे. त्यांची वाटी सैल व्हायची. मी एक थर वाढवायचे, मग दुसरा, मग तिसरा. साहेबांना म्हटलं, हे बरोबर नाही, आजोबांना वर पाठवू या. साहेब म्हणाले, तुमचं काम अस्तराचं, निदान करायला वर डॉक्टर बसलेत. मी गप्प बसले. आठव्या महिन्यात आजोबा यायचे थांबले. पाय दुरुस्तीला आमच्याकडेच होता. न्यायला कुणी आलं नाही."

पंखा फिरत होता. वहिनींना तो आवाज एकदम मोठा वाटला.

"खरं तर मी चार सुतांनाच यायला हवं होतं," अस्तरबाई म्हणाली. "आजही दारापर्यंत येऊन दोनदा परत फिरले. आठ सुतांची पट्टी मी लावणार नाही. ते चिडतील. तुम्ही त्यांना डॉक्टरकडे न्या."

त्या संध्याकाळपासून वहिनी नवऱ्याकडे बघू लागल्या. बत्तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्याकडे असं चोरून बघताना त्यांना ओशाळल्यासारखं होई. घड्याळजी जिना चढताना कठड्याच्या बाजूने चढत होते. मोजे उभ्याने घालायचे, ते आता पलंगावर बसून घालत होते. आणि गुरुवारी त्या दूध घ्यायला खाली निघाल्या, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर घड्याळजींची डाव्या पायाची चप्पल पडलेली. वर येऊन पाहिलं, तर घड्याळजी एकाच पायात चप्पल घालून खिडकीशी पेपर वाचत बसले होते.

"अहो, दुसरी चप्पल कुठे आहे?"

"पायात," ते पेपरातून म्हणाले.

वहिनींनी हातातली चप्पल दाखवली नाही. हळूच त्यांच्या पायाशी ठेवली.

जेवताना त्यांनी विषय काढला. "एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या."

"काय दाखवायचं? फोम?"

"थट्टा नको. अस्तरबाई सांगत होती..."

"अच्छा! म्हणजे ती आता घरापर्यंत पोचली." घड्याळजींनी ताट सरकवलं. "अगं, तीस वर्षं मी घड्याळं उघडतोय. लोक येतात आणि म्हणतात, घड्याळजी, आमची वेळच वाईट आहे. उघडून बघावं तर चाकाच्या दातात एक केस अडकलेला असतो. दोष यंत्रात असतो आणि शोधला की सापडतो. तिला सापडत नाही, म्हणून ती माझ्यावर ढकलतेय."

"पण पाय?"

"काय झालंय माझ्या पायाला? एवढी वल्ही मारतो मी. साठीला आलेला माणूस थकणार नाही?"

"थकणारे दोन्ही पाय थकतात," वहिनी म्हणाल्या. घड्याळजी उठून हात धुवायला गेले.

अस्तरबाईने पट्टी द्यायला नकार दिला, तसे घड्याळजी बाजारातल्या गादीवाल्याकडे गेले आणि मऊ स्पंज घेऊन आले. बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून, घड्याळाच्या चिमट्यांनी खुणा करत, दोन संध्याकाळी त्यांनी तो इतक्या सफाईने कापला की वहिनींना त्यांच्या हातांचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं. खळग्याच्या डाव्या कुशीत त्यांनी तो जाड लावला आणि थोडा खालूनही घातला. शेडमध्ये घोड्यांवर बोट ठेवून ते आत बसले.

"बघ, ढिम्म हलत नाही!"

कोरड्या लाकडावर काय हलणार होतं?

फेऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनी त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेल्या. त्यांनी वाचनालयात रजा टाकली होती. वारा नव्हता. पाणी तेलासारखं पडून होतं, धक्क्याच्या दोऱ्याही हलत नव्हत्या. अशा पाण्यात कुणी पडत नाही, असं म्हणतात. खडकावरचं दीपगृह दूर, नखाएवढं दिसत होतं. वहिनींना त्याच्याकडे बघवेना.

उद्या जाणाऱ्यांपैकी दोघं वल्ही पुसत बसले होते. अस्तरबाई शेडमधून आली, बोटीशी वाकली आणि तिने स्पंजमध्ये अंगठा दाबला.

"गादीचा आहे," ती म्हणाली. "पाणी पिईल. अर्ध्या वाटेत तुमच्या बुडाखाली भिजलेलं मांजर बसल्यासारखं होईल."

"ते माझं बूड आणि माझं मांजर," घड्याळजी म्हणाले. दोघं वल्हेवाले हसले.

"बरोबर आहे. माझं एक ऐका. पाळण्यात बसून दाखवा."

पाळणा म्हणजे शेडमधली नवशिक्यांची बोट. रुंद, बसकी, परातीसारखी. तिच्यातून आजवर कुणी पडलं नव्हतं. एकदा एक बाई तिच्यात चक्क उभी राहून केस बांधत होती.

"पाळण्यात? मी?"

"त्यात फोमचा कपटाही नाही. म्हणजे माझा दोष नाही आणि गादीवाल्याचाही नाही. त्या तरंगत्या लाल पिंपापर्यंत जाऊन परत या. कोरडे आलात, तर मी आत्ता तुमच्या बोटीला हवं तेवढं अस्तर लावते आणि उद्या तोंडातून शब्द काढत नाही."

"आणि भिजलो तर?"

"तर उद्या जायचं नाही. परवा वहिनींबरोबर दवाखान्यात."

"काका, बसा ना," वल्हेवाल्यांतला एक जण म्हणाला. "पाळण्याची दोरी आम्ही धरतो हवं तर!"

घड्याळजी हसत पाळण्यात जाऊन बसले. वहिनी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या मनात त्या क्षणी दोन इच्छा होत्या आणि दोन्हींची त्यांना भीती वाटत होती. एक, की हा माणूस पडू नये. दुसरी, की पडावा.

लाल पिंप तीस हात लांब होतं. घड्याळजी तिथपर्यंत झकास गेले. वळले. पाचवं वल्हं, सहावं. मग कुणी कानात काही सांगतंय आणि ते ऐकायला माणसाने मान झुकवावी, तसे ते डावीकडे झुकले. झुकतच राहिले. घाईने नाही, हात न मारता. त्यांचा चेहराही बदलला नाही. पाळणा त्यांच्याखालून निघाला आणि ते पाण्यात गेले. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

कुणी हसलं नाही.

पाणी छातीइतकंच होतं. घड्याळजी उभे राहिले. त्यांनी पाळणा ओढून जवळ घेतला, उलटा केला आणि त्याच्या तळावरून दोन्ही हातांनी बोटं फिरवली. कडांपाशी, सांध्यांपाशी, पुन्हा कडांपाशी.

"यात काहीतरी आहे," ते म्हणाले. "एका बाजूला वजन आहे. बघा तुम्ही."

वल्हेवाल्यांपैकी एकाने तोंड फिरवलं. अस्तरबाई पत्र्याच्या दाराला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता.

वहिनी चपलांसकट पाण्यात उतरल्या. "अहो, चला," त्या म्हणाल्या. घड्याळजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे पाहिलं, आणि धक्क्याच्या पहिल्या पायरीवर डावा पाय टाकायला गेले. पाय पायरीपर्यंत आला नाही. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो हाताने उचलून वर ठेवला. हे बहुधा ते बरेच दिवस करत होते. आज फक्त लोकांनी पाहिलं.

पाठीच्या कण्यात गाठ होती. बोराएवढी, पण बसली होती डाव्या पायाच्या शिरांवर, म्हणून त्या बाजूचं मांस झडत चाललं होतं. डॉक्टरांनी चित्र दिव्यावर धरून दाखवलं आणि विचारलं, "कळलं कसं तुम्हाला? यात दुखत नाही. लोक पाय पूर्ण गेल्यावर येतात." वहिनी म्हणाल्या, "आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत." याहून जास्त त्यांना सांगता आलं नाही. शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, सगळी नाही. एक कण शिरेला इतका चिकटलेला होता की त्याला हात लावायला डॉक्टर धजले नाहीत. दर सहा महिन्यांनी नवीन चित्र काढतात आणि त्या कणाचं माप घेतात. ते माप ऐकेपर्यंत वहिनींना त्या आठवड्यात झोप नसते. आतापर्यंत तीनदा माप तेवढंच भरलं आहे.

घड्याळजी काठी घेऊन चालतात आणि आठवड्यातून चार दिवस दुकानात बसतात. बोट त्यांनी धक्क्यावरच्या एकाला देऊन टाकली. अस्तरबाईशी मात्र ते बोलत नाहीत. बाजारात समोर आली तर घड्याळात बघतात. "तिने माझी बोट काढून घेतली," असं ते एकदा वहिनींना म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिचं बरोबर होतं. म्हणून काय झालं?" वहिनींनी त्यावर वाद घातला नाही. माणसाला कुणावर तरी रागवावं लागतं. गाठीवर रागावून किती रागावणार?

त्या स्वतः मात्र गुरुवारी वाचनालय सुटल्यावर शेडमध्ये जातात. अस्तरबाई कापत असते, त्या स्टुलावर बसून चहा पितात. फारसं बोलणं होत नाही. कधीकधी बोलता बोलता अस्तरबाईचा हात भिंतीवरच्या एखाद्या खिळ्याकडे जातो, ती दोन पट्ट्या शेजारीशेजारी धरून बघते, आणि वहिनींचा कप ओठांशी थांबतो. मग ती "नाही, हे ठीक आहे," म्हणून पट्ट्या परत अडकवते. धक्क्यावरच्या आणखी एकाच्या खिळ्याबद्दल मात्र तिने अजून ठीक आहे म्हटलेलं नाही.

त्या वर्षापासून तिने नवा नियम केला आहे. फोम लावायला येताना घरचं एक माणूस बरोबर आणायचं आणि दर तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा यायचं. लोकांना हे आवडत नाही. "फोम लावायला आलोय की स्थळ दाखवायला?" असं एक जण तिच्या तोंडावर म्हणाला. शिवाय पलीकडच्या काठावर नवं दुकान झालं आहे. तिथे तयार पट्ट्या पाकिटात मिळतात, पाठीमागचा कागद सोलून घरी लावता येतात, आणि कुणी कमरेला हात लावत नाही. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक तिकडे गेलं.

अस्तरबाईकडे सध्या आठवड्याला दोन बोटी येतात.